संशोधन-लेखाचा पुढील माग



गोवराची लस दिल्याने मुलास स्वमग्नता जडते, असे एखादा पालक शाळेत येऊन सांगतो आणि विलायतेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाचा दाखला देतो. तसा लेख खरोखरच छापला गेला होता. ‘छापलेले सारेच खरे नसते’ एवढ्या उत्तराने त्या पालकाचे समाधान होत नाही. त्या लेखाचे पुढे काय झाले, हे शिक्षकाला वा पंचायत-सदस्याला दाखविता आले पाहिजे. ते दाखविण्याचे साधन म्हणजे संदर्भोल्लेखांची सूची होय.

सूची मराठी वाचकास नवी नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची जी सूची सिद्ध केली, तिच्यावाचून अभ्यासकाचे पान हलत नाही. परंतु ग्रंथसूची काय छापले गेले ते सांगते; छापलेल्याचा पुढे कोणी आधार घेतला, कोणी ते खोडून काढले, हे सांगत नाही. वकिलांना ही उणीव फार पूर्वी जाणवली. वरिष्ठ न्यायालयाने फिरविलेला निवाडा चुकून आधारास घेतला, तर दावा तेथेच बुडावयाचा! म्हणून अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून, कोणत्या निवाड्याचा पुढे कोठे उल्लेख झाला, याच्या नोंदी पुरविण्यास आरंभ केला. हीच रीत विज्ञानास लावावी, असे यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सुचविले. १९६४ मध्ये फिलाडेल्फिया येथील त्यांच्या संस्थेने ६१३ नियतकालिकांतील सुमारे १४ लाख उल्लेखांची सूची प्रसिद्ध केली. आज हे काम संगणकावर चालते. ‘वेब ऑफ सायन्स’ आणि ‘स्कोपस’ यांचा पूर्ण उपयोग वर्गणीदार संस्थांनाच होतो. ‘गूगल स्कॉलर’ आणि वैद्यकासाठीचे ‘पबमेड’ मात्र कोणासही विनामूल्य पाहता येते.

पालकाने सांगितलेला लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९९८ साली आला. मुख्य लेखक अँड्र्यू वेकफील्ड. पाहणी अवघ्या १२ मुलांची. गंमत अशी, की त्या लेखाच्या शीर्षकात लस, गोवर किंवा स्वमग्नता यांपैकी एकही शब्द नाही! केवळ शीर्षकावर भिस्त ठेवणारा शोधक येथेच फसतो. म्हणून शोध घेताना पर्यायी शब्द योजावेत, लेखाच्या सारांशातही ते शोधावेत, लेखकाचे नाव ठाऊक असल्यास तेही घालावे. लेख एकदा हाती लागला, की दोन वाटा फुटतात. त्याच्या शेवटची संदर्भयादी मागे नेते. ‘उल्लेख करणारे लेख’ हा दुवा पुढे नेतो.

पुढच्या वाटेवर काय भेटते? २००२ मध्ये डेन्मार्कमधील ५,३७,३०३ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लस आणि स्वमग्नता यांचा संबंध त्यात आढळला नाही. २००४ मध्ये १० सहलेखकांनी मूळ लेखातील अन्वयार्थातून अंग काढून घेतले. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो लेखच मागे घेतला. पबमेडवरील नोंदीत ही गोष्ट स्पष्ट नमूद आहे.

उल्लेखांच्या नुसत्या आकड्यावर जाऊ नये. गावात सज्जनाइतकेच भांडखोराचेही नाव सर्वतोमुखी असते! २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत वेकफील्ड यांच्या लेखाचा उल्लेख करणारे १,१५३ लेख पाहिले गेले. त्यांपैकी ८३८ लेखांनी त्याचा उल्लेख प्रतिकूल अर्थाने केला होता. तेव्हा उल्लेख कोणत्या वाक्यात आला आहे, तेवढे तरी उघडून वाचणे अगत्याचे ठरते.

मराठी नियतकालिकांतील लेख या साठ्यांत फार थोडे सापडतात. तेथे तळटिपांचा माग अजूनही हातानेच काढावा लागतो, आणि त्या कामी ग्रंथपालासारखा वाटाड्या नाही. इंग्रजीत सापडलेल्या माहितीचेही पालकासाठी चार ओळींचे मराठी टिपण करावे लागते. ते लसीकरणाच्या दिवसापूर्वी शाळेच्या फलकावर लागले पाहिजे.