मोबाईल काढून घेतला, पुढे काय?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



गेल्या पावसाळ्यात आमच्या केंद्रावर एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी नववीतली. इंटरनेटवर ओळख झालेल्या एका 'ताई'ने आधी तिच्या चित्रांचं कौतुक केलं, मग दोनदा रिचार्ज करून दिला, मग 'आपल्या दोघींतच राहू दे' म्हणत एक फोटो मागितला. तो पाठवल्यावर कळलं की ताई म्हणजे कुणी बाप्याच आहे. मग रोज धमकी : आणखी पाठव, नाहीतर हा साऱ्या वर्गाला दाखवतो. दीड महिना पोरगी गप्प होती. आईला का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली, "फोन काढून घेतला असता. मग शाळापण बंद." तिच्या चुलतबहिणीचं तसंच झालं होतं. शाळा सुटली आणि पाठोपाठ लग्न.

ते उत्तर मला लागलं. कारण पूर्वी पालकसभांत मीही 'मुलींच्या हातात मोबाईल देऊ नका' असं बजावत असे. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन! 'मुलांच्या' असंही तोंडातून निघत नसे, 'मुलींच्या'च. २०२० साली टाळेबंदीत शाळाच मोबाईलवर आली, तेव्हा कळलं की घरात फोन एकच आणि तो भावाच्या खिशात.

आणि लक्ष ठेवायचं कुणी? आईनं! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, स्त्रियांपैकी फक्त ३३ टक्क्यांनी. या आईचंही तेच म्हणणं होतं, "ताई, मला त्यातलं काय कळतंय?"

मी तिला म्हटलं, यंत्र कळत नसेल, माणूस तर कळतो ना? आधी स्तुती, मग भेट, मग 'कुणाला सांगू नकोस', मग धमकी. यातलं बाईला नवं काय आहे? गल्लीतला, नात्यातला बाप्या हेच करत आला. मुलग्यांशीही हेच होतं, तिथे खेळातली नाणी देऊन गळ टाकतात. 'मुलगा आहे, त्याला काय होतंय' या समजुतीमुळे ती पोरं तर आणखीच बोलत नाहीत.

म्हणून पालकांकडून मी आता आधी एकच कबुली घेते. मुलानं सांगितलं तर मारायचं नाही, आणि फोन किंवा शाळा बंद करायची नाही. बाकी सगळं त्यानंतर.

आता कार्यकर्त्या म्हणून आपलं काम. या मुलीच्या मामानं रागाच्या भरात सगळे निरोप पुसून टाकले. पुरावाच गेला. तेव्हा आधी सांगा, काही पुसू नका. नंबर, खात्याचं नाव, तारखा, धमक्या यांचे स्क्रीनशॉट ठेवा. पण मुलीचा तो फोटो स्वतःच्या फोनवर मागवू नका. मुलांचे असे फोटो पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे. आपल्यातल्या काही जणींनी हे चांगल्या हेतूनं केलेलं मी पाहिलं आहे. पैसे मागितले तर देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते. मदतीसाठी १०९८, पैसे गेले असतील तर १९३०. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही अशी तक्रार करता येते. 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सेवा आहे. तिथे फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याची आकड्यांतली खूण तेवढी जाते, आणि सहभागी कंपन्या तो फोटो आपल्या जागेवरून शोधून काढतात.

पोलिसांचं नाव काढलं की आया उठून जातात. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं तर कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. हे त्या माउलीनं सगळं सांगून टाकण्याआधी तिला सांगा, नंतर नव्हे. विश्वासघात झाला असं तिला वाटता कामा नये. त्याच कायद्यात हेही आहे की जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, गणवेश न घालता घ्यायचा. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. हे तिथे ठामपणे मागावं लागतं, आपणहून क्वचितच मिळतं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ साली संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास घराघरांत टीव्ही-मोबाईल बंद. मला त्यात आवडलं ते हे की मोठ्यांनाही त्यातून सूट नव्हती. मी हे त्या आईला सांगितलं होतं.

परवा ती भेटली. रात्री नऊनंतर घरातले सगळे फोन फडताळावर जातात, बापाचाही. तो दोन दिवस फुरंगटून बसला होता म्हणे. तक्रार दिली आहे, माणूस अजून सापडलेला नाही. मुलगी यंदा दहावीला आहे.