टर्बोसाठी पिस्टन: साडेनऊ की साडेआठ?

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न आज घेतोय: "टर्बो लावायचाय, पिस्टन कोणते टाकू?" आधी माझा मोडलेला पिस्टन बघा. म्हणजे, ऐका. (हसू)

गाडी जुनी एस्टीम, 1.3 लिटर. मूळचे ओतीव पिस्टन तसेच ठेवून अर्धा बार बूस्ट दिला. मे महिन्यात खंबाटकी चढताना डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. मी पाय काढला नाही. वर पोचेपर्यंत मागे निळा धूर. हेड उघडलं तर दोन नंबरच्या पिस्टनची, वरच्या दोन रिंगांमधली कड तुटलेली. ओतीव पिस्टन नॉकिंगला असाच जातो, वाकत नाही, तुकडाच पडतो.

मग हिशोबाला बसलो, जो आधी करायला हवा होता. बोअर 74, स्ट्रोक 75.5, म्हणजे एका सिलिंडरचे 324.7 सीसी. सिरिंजने रॉकेल भरून हेडमधली जागा मोजली. गॅस्केट आणि पिस्टनचा खड्डा धरून 38 सीसी. 324.7 भागिले 38, अधिक एक. साडेनऊ! साडेआठ हवा तर 43.3 सीसी लागतात.

मेकॅनिक म्हणाला, "जाड गॅस्केट टाकू, काम झालं." 1.2 मिमी जाडी वाढवली की आकडा जुळतो, खरंय. पण पिस्टन आणि हेडच्या सपाट कडांमधली फट दुपटीच्या वर जाते. तीच कड मिश्रण घुसळते, जळण लवकर पुरं करते. ती गेली की नॉकिंग परत दारात. म्हणून खड्डा पिस्टनच्या मधोमध, कडा सपाट.

आठच्याही खाली जा म्हणणारे भेटतील. बूस्ट येईपर्यंत गाडी मेलेली वाटते, आणि शहरात आपण बहुतेक वेळ बूस्टविनाच असतो. कंपनीच्या नव्या टर्बो गाड्या दहाला चालतात, पण तिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं आणि आतली हवा गार करतं. आपलं तसं नाही.

धातू? फोर्ज्ड, 4032. सिलिकॉन जास्त, त्यामुळे फुगतो कमी, फट कमी ठेवता येते. 2618 जास्त मार सोसतो, पण थंड इंजिनात टकटकतो; सोसायटीतले काका रोज विचारणार, "इंजिन गेलं का रे?"

रिंगची फट मी 0.37 मिमी ठेवली. तुम्ही पिस्टनसोबतच्या कागदावरचीच घ्या. कमी राहिली तर तापल्यावर टोकं भिडतात, आणि पुन्हा तीच कड तुटते.