माडाचा शत्रू आणि हिरवी बुरशी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात परीक्षा, गुण आणि शिष्यवृत्त्या यांविषयी बरेच बोलणे झाले. मी मात्र आपल्या वाडीतल्या माडाविषयी बोलणार आहे. विज्ञानाच्या पुस्तकातले ज्ञान घराच्या मागच्या दारी कसे उपयोगी पडते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनजवळच्या किनाऱ्यावर धडकले. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक वाड्यांमधील माड-पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. त्यानंतर लोकांनी धीर धरून पुन्हा रोपे लावली. आपला बाणवली माड फळावर यायला सहा-सात वर्षे घेतो. म्हणजे त्या वेळी लावलेली रोपे आता कुठे फळ धरण्याच्या बेतात आहेत. नेमक्या अशा कोवळ्या माडांवर एका शत्रूची नजर असते. त्याचे नाव गेंड्या भुंगा.

हा भुंगा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. रात्री दिव्यावर येऊन आपटणारा, काळा, डोक्यावर गेंड्यासारखे शिंग असलेला. तो माडाच्या शेंड्यातील न उमललेला कोंब पोखरतो व आतला रस शोषतो. पुढे ती झावळी उमलली की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. मोठा माड हे सोसतो, पण त्याच्या पोयी पोखरल्या गेल्याने उत्पन्न घटते. लहान रोपाचा गाभाच गेला तर रोप मरते. शिवाय त्याने केलेल्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात, आणि हे बहुधा माड वाचवण्याची वेळ टळून गेल्यावरच ध्यानात येते.

आता महत्त्वाची गोष्ट. भुंगा माडावर येतो खरा, पण त्याचा जन्म माडावर होत नाही. तो होतो आपल्या शेणखताच्या खड्ड्यात, उकिरड्यात आणि कुजणाऱ्या माडाच्या खोडात. मादी तेथे अंडी घालते. त्यांतून निघालेली जाड, पांढरी, वाकड्या अंगाची अळी चार-पाच महिने तेच कुजके खाऊन वाढते, मग कोषात जाते व भुंगा होऊन बाहेर पडते. वादळात पडलेली आणि तशीच कुजत ठेवलेली खोडे म्हणजे या भुंग्याला मिळालेले आयते घरच.

पूर्वी यावर बीएचसी भुकटी वाळूत मिसळून झावळ्यांच्या बेचक्यात भरत असत. ती विषारी भुकटी माती-पाण्यात दीर्घकाळ टिकून राहते. १९९७ साली आपल्या देशात तिच्यावर बंदी आली. मग उपाय कोणता? निसर्गाने तो पूर्वीच करून ठेवला आहे. मेटॅरायझियम नावाची एक बुरशी मातीत राहते आणि किड्यांना रोगी करते. १८७९ साली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने ओडेसाच्या भागात गव्हाच्या भुंग्यावर ही बुरशी अभ्यासली, आणि तिने कीड मारता येईल असे सुचवले. याच शास्त्रज्ञाला पुढे १९०८ साली, आपले शरीर रोगजंतूंशी कसे लढते याच्या संशोधनाबद्दल, नोबेल पारितोषिक मिळाले.

ही बुरशी काम कसे करते ते विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावे. किड्याला ती पोटात जावी लागत नाही. तिचे बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतात, ओलाव्याने रुजतात आणि कातडी विरघळवणारे पाचक रस सोडून आत शिरतात. आत गेल्यावर अळीच्या रक्तात त्यांची वाढ होते. अळी सुस्त होते, खाणे सोडते आणि सुमारे एक-दोन आठवड्यांत मरते. मेलेली अळी सडत नाही, कडक होते. तिच्यावर आधी पांढरी व मग गर्द हिरवी बुरशी येते. त्या हिरव्या थरात असंख्य नवे बीजाणू असतात, ते दुसऱ्या अळ्यांना लागतात.

वापर अवघड नाही. गेंड्या भुंग्यावर या बुरशीची 'मेजस' ही जात अधिक प्रभावी आहे, म्हणून मागताना तशी चौकशी करावी. ही सजीव वस्तू आहे, तेव्हा पाकिटावरील मुदत पाहून घ्यावी. पावसाळ्याच्या सुरुवातीस, पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात, पाण्यात कालवून खताच्या खड्ड्यात व कुजक्या खोडांवर संध्याकाळी शिंपडावी. खत ओलसर आणि सावलीत ठेवावे, कारण कडक ऊन आणि कोरडेपणा बीजाणूंना मारतो. सुपारीवर फवारतो ते बोर्डो मिश्रण बुरशीनाशक आहे. ते हिच्यात कधीही मिसळू नये. माणसाला व गुरांना हिचा अपाय होत नाही, तरीही भुकटी उडते म्हणून नाकातोंडावर रुमाल बांधावा. केरळात स्त्रियांच्या गटांनी अर्धवट शिजवून निर्जंतुक केलेल्या तांदळावर ही बुरशी वाढवली आहे. आपल्या शाळांच्या प्रयोगशाळेतही कृषी विद्यापीठाच्या मार्गदर्शनाने हा प्रयोग करण्यासारखा आहे.

पण या बुरशीकडून भलती अपेक्षा ठेवू नये. ती एका दिवसात गुण दाखवत नाही, आणि शेंड्यात बसलेल्या भुंग्यापर्यंत ती सहसा पोहोचत नाही. तो तारेच्या आकड्यानेच ओढून काढला पाहिजे. पडलेली खोडे फोडून हलवली पाहिजेत, आणि खत उपसताना दिसलेल्या अळ्या वेचल्या पाहिजेत. शेजारच्या वाडीत उकिरडा तसाच राहिला तर तिथला भुंगा आपल्याकडे येणारच. म्हणून हे काम एका घराचे नव्हे, सबंध मोहल्ल्याचे आहे.

आपल्या पुष्कळ घरांतील कर्ते पुरुष आखातात किंवा मुंबईत आहेत. वाडी माता-भगिनींच्या आणि मुलांच्या हाती आहे. दर महिन्याला पैसे येतात, त्यामुळे माडाकडे दुर्लक्ष झाले तरी चालते असे वाटू लागते. परंतु नोकरीचा करार संपतो, माणूस परत येतो, तेव्हा त्याच्या पाठीशी काय उभे असणार? रोप लावावे आणि त्याचे फळ माणसाने, पाखराने, जनावराने खावे, हा सदका आहे अशी आपल्या धर्माची शिकवण आहे. लावलेले रोप जगवणे हाही त्याचाच भाग मानायला हवा.

विद्यार्थी मित्रहो, येत्या रविवारी आपल्या घरचा खताचा खड्डा उपसून पाहा. पांढऱ्या अळ्या किती आहेत ते मोजा आणि वहीत लिहा. बुरशी टाकल्यावर महिन्याने पुन्हा मोजा. त्यांत एखादी हिरवी, कडक झालेली अळी सापडली तर ती वर्गात घेऊन या. आपण ती सर्वांना दाखवू.