ज्या सामन्याची गणना होत नाही

मार्च महिना उजाडला तरी डेट्रॉईट शहरातील बर्फ पुरते वितळलेले नसते. अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील हे शहर मोटारींच्या कारखान्यांमुळे जगभर प्रसिद्धीस आले. पण हिवाळ्याचे चार महिने ते करड्या आभाळाखाली दडपून गेलेले असते. अशा वेळी तेथील बेसबॉलच्या भक्ताला नकाशावर एकच ठिकाण दिसू लागते. ते म्हणजे दक्षिणेस सुमारे 1,200 मैलांवर, फ्लोरिडा संस्थानातील लेकलंड. डेट्रॉईटचा टायगर्स नावाचा संघ 1934 सालापासून, महायुद्धातील थोडी वर्षे सोडली तर, हंगामापूर्वीच्या सरावासाठी तेथेच उतरत आला आहे.

श्रोतेहो, अशाच एका भक्ताचा सुटीचा एक दिवस डोळ्यांपुढे आणावयाचा आहे. हा गृहस्थ मोटारींच्या कारखान्यात मुकादम आहे असे समजावे. अमेरिकेसारख्या संपन्न देशात नोकराला पगारी रजा दिलीच पाहिजे असा मध्यवर्ती सरकारचा कायदा नाही; रजा मालकाच्या मर्जीने मिळावयाची. तेव्हा अशा माणसाला रजेचा एकेक दिवस मोजूनमापून खर्चावा लागतो. त्याने चार दिवस लेकलंडसाठी काढले, तेव्हा पत्नीने साधा प्रश्न विचारला. ज्या सामन्याचा निकाल कोणी धरीतच नाही, तो पहावयास इतक्या दूर जाण्याचे प्रयोजन काय? प्रश्न चुकीचा नव्हता. त्याला त्याचे उत्तर देता आले नाही. फावडे शेजाऱ्याच्या स्वाधीन करून तो निघाला.

पत्नीच्या प्रश्नाचा अर्थ ध्यानी येण्यासाठी हा प्रकार काय आहे ते थोडक्यात पाहिले पाहिजे. बेसबॉलच्या मुख्य स्पर्धेत 30 संघ आहेत, आणि प्रत्येक संघ एका हंगामात 162 सामने खेळतो. हा हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होतो. तत्पूर्वी सुमारे सहा आठवडे सर्व संघ उबदार प्रदेशात जाऊन तयारी करितात. 15 संघ फ्लोरिडात आणि 15 संघ ॲरिझोनाच्या वाळवंटी मुलखात. एकमेकांशी ते सामनेही खेळतात. परंतु हे सामने म्हणजे नाटकाची रंगीत तालीम. येथील जय-पराजय हंगामाच्या हिशेबात येत नाही. ठरलेले नऊ डाव संपले आणि धावा बरोबरीत राहिल्या, तर दोन्ही संघ खुशाल घरी जातात. खऱ्या हंगामात निकाल लागेपर्यंत खेळ चालूच ठेवावा लागतो.

ही चाल जुनी आहे. 1886 साली शिकागोचा संघ आर्कान्सामधील हॉट स्प्रिंग्ज या गावी जाऊन राहिला; हिवाळ्यात अंगावर चढलेली चरबी उष्ण झऱ्यांच्या पाण्यात आणि डोंगरवाटांवर उतरवावी हा हेतू. पुढे संघ फ्लोरिडाकडे वळले. तेथील सामन्यांस ‘ग्रेपफ्रूट लीग’ म्हणतात. ग्रेपफ्रूट हे पपनसाच्या जातीचे फळ. या नावामागे एक गमतीची कथा सांगतात. 1915 साली डेटोना बीच येथे ब्रुकलिन संघाचा व्यवस्थापक विल्बर्ट रॉबिन्सन याने विमानातून टाकलेला चेंडू झेलून दाखविण्याची पैज घेतली. वैमानिक रूथ लॉ या बाईंच्या विमानातून चेंडूऐवजी पडले ग्रेपफ्रूट. ते छातीवर फुटले, रस अंगभर उडाला, आणि आपण रक्तबंबाळ झालो असे समजून रॉबिन्सन ओरडू लागला! 

असो. आपला मुकादम सकाळी नऊच्या आधीच मैदानाशी पोहोचला. डेट्रॉईटमध्ये त्याने गळपट्टा गुंडाळला होता; येथे सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. टायगर्सची ही वसाहत जेथे उभी आहे तेथे महायुद्धाच्या काळात वैमानिकांची शाळा होती. 1966 साली तेथे मोठे क्रीडांगण बांधले गेले. मुख्य क्रीडांगणामागे सरावाची मोकळी मैदाने आहेत. डेट्रॉईटमध्ये ज्या खेळाडूस तो उंच सज्जातून बोटाएवढा पाहतो, तोच येथे कुंपणापलीकडे दहा हातांवर घाम पुशीत उभा असतो. मुले वह्या पुढे करितात, खेळाडू सह्या करितात. एक वयस्क शिक्षक एका तरुणाला पाय कोठे टाकावा हे विसाव्यांदा समजावीत होता, आणि तो तरुण विसाव्यांदा मान डोलावीत होता. मुकादमाला कारखान्यातले उमेदवार आठवले.

दुपारी एकच्या सुमारास सामना सुरू झाला. डावीकडील सीमेपाशी हिरवळीचा उतार आहे. तेथे चादर पसरून लोक लोळतात. मुकादमाने मात्र पायऱ्यांवरची जागा घेतली, कारण त्याला मांडीवर वही ठेवून प्रत्येक चेंडूची नोंद पेन्सिलीने करावयाची असते. वडिलांनी लावलेली सवय.

आपल्याकडील क्रिकेटच्या रसिकाला हा खेळ समजावयास फार कठीण नाही. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. तो 60 फूट 6 इंचांवरून फेकतो. क्रिकेटची खेळपट्टी 66 फुटांची. चेंडू टप्पा न घेता येतो, आणि वेगवान पिचरच्या हातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत पोहोचावयास त्याला अर्धा सेकंदही लागत नाही. तीन गडी बाद झाले की डाव बदलतो. सारा भार पिचरच्या खांद्यावर, आणि मनुष्याचा खांदा असा ताण सोसण्यासाठी घडलेला नाही. म्हणून वसंतातील या तालमीला पिचर सर्वांच्या आधी बोलावले जातात. प्रथम एक-दोन डाव, मग तीन, मग चार, अशा पायऱ्यांनी त्यांचा हात तयार केला जातो. चार-पाच डाव झाले की नामांकित खेळाडू आंघोळीस निघून जातात, आणि सामना अनोळखी पोरांच्या हाती येतो.

त्या दिवशीही तसेच झाले. पाचव्या डावानंतर टायगर्सचे मोठे खेळाडू एकेक करून दिसेनासे झाले. पुष्कळ प्रेक्षक उठले. मुकादमाने पाहिले, तो पाठीवर ऐंशी-नव्वदीतले आकडे घातलेले तरुण मैदानात येत होते. असे आकडे खऱ्या हंगामात क्वचितच दिसतात. काहींच्या अंगरख्यांवर नावही नव्हते. त्याच्या वहीतील छापील यादीतही त्यांचा पत्ता नव्हता. तो वही मिटणार, इतक्यात शेजारचे वृद्ध जोडपे ताठ होऊन बसलेले त्याला दिसले.

एवढा वेळ त्या दोघांनी खेळाकडे विशेष लक्ष दिले नव्हते. आता आठव्या डावासाठी एक उंच, सडपातळ पिचर टेकाडावर आला, आणि त्या बाईंनी पतीचा हात घट्ट धरला. मुकादमाने हळूच विचारले, “मुलगा का?” म्हाताऱ्याने नुसती मान हलविली.

श्रोतेहो, त्या तरुणाचे काय पणास लागले होते ते सांगितले पाहिजे. शिबिरास साठ-सत्तर खेळाडू बोलावले जातात. हंगाम सुरू होताना संघात फक्त 26 जणांना जागा असते. उरलेल्यांपैकी बहुतेक खालच्या संघांत जातात, आणि काहींना घरचा रस्ता दाखविला जातो. टायगर्सचा सर्वांत वरचा दुय्यम संघ ओहायोमधील टोलेडो येथे आहे. टोलेडोहून डेट्रॉईट सुमारे साठ मैल. मोटारीने तासाभराची वाट. पण कित्येकांना ते साठ मैल उभ्या जन्मात ओलांडता येत नाहीत.

ओलांडणारेही असतात. 1976 साली मार्क फिड्रिच नावाचा 21 वर्षांचा पिचर याच लेकलंडच्या शिबिरात आला, तेव्हा संघाच्या पटावर त्याचे नाव नव्हते. तालमीच्या अखेरीस तो निवडला गेला. मे महिन्यात त्यास प्रथमच डावाच्या आरंभापासून चेंडू मिळाला, आणि त्या सामन्यात प्रतिपक्षास अवघे दोन सुरक्षित टोले मारता आले. चेंडूशी तो बोलत असे, टेकाडाची माती गुडघे टेकून हातांनी सारखी करीत असे. लोकांनी त्यास ‘बर्ड’, म्हणजे पक्षी, हे लाडके नाव दिले. त्या वर्षी त्याने 19 सामने जिंकले, आणि आपल्या लीगमधील सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढच्याच मार्चमध्ये, याच लेकलंडमध्ये, उंच चेंडू झेलण्याच्या खेळीमेळीत त्याचा गुडघा दुखावला. त्याच उन्हाळ्यात खांदाही गेला. 1980 नंतर तो मुख्य स्पर्धेत दिसला नाही. साऱ्या कारकिर्दीत त्याचे विजय 29 च झाले. एका वसंताने दिले, दुसऱ्या वसंताने काढून घेतले. आणि दोन्ही वेळी हिशेबात धरण्याजोगा एकही सामना चालू नव्हता.

याहून मोठी गोष्ट त्याच फ्लोरिडात, पूर्व किनाऱ्यावरील डेटोना बीच येथे घडली. 17 मार्च 1946 रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिनच्या दुय्यम संघातून, म्हणजे माँट्रियलच्या संघातून, मूळ ब्रुकलिन संघाविरुद्ध तालमीचा सामना खेळला. त्या काळी गोऱ्यांच्या संघांत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. त्यापूर्वी सॅनफर्ड गावातून धमक्यांमुळे रॉबिन्सनला हलवावे लागले होते. त्याच महिन्यात जॅक्सनव्हिलमध्ये त्याच्या संघाचा सामना रद्द करून मैदानास कुलूप घालण्यात आले. डेटोनात मात्र तो खेळला. कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळ्या कोपऱ्यात दाटीने बसावे लागले, तरी ते लोटले. पुढील वर्षी, 15 एप्रिल 1947 रोजी, रॉबिन्सन मुख्य स्पर्धेत उतरला. त्या वसंतात डेटोनात एड चार्ल्स नावाचा बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा राहत होता. रॉबिन्सनला पाहून त्याच्या मनाने घेतले की हे आपल्यालाही साधेल. 1969 साली न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने जगज्जेतेपद मिळविले, तेव्हा तोच एड चार्ल्स त्या संघातून खेळत होता. डेटोनाच्या त्या मैदानास आज रॉबिन्सनचे नाव आहे. त्या सामन्याची गुणतक्त्यात नोंद नाही, म्हणून तो निरर्थक होता असे कोण म्हणेल?

पुन्हा लेकलंडला येऊ. त्या उंच तरुणाने पहिल्या फलंदाजाला चार चेंडू बाहेर टाकून फुकट बेस दिला. दुसऱ्यालाही तेच. बाईंनी डोळे मिटून घेतले. तिसऱ्याने टोला हाणला, आणि एक धाव निघाली. धावसंख्या बरोबरीत आली. शिक्षक सावकाश चालत टेकाडापर्यंत गेला, काही पुटपुटला, परतला. लोक शेंगदाणे सोलीत होते. त्यांना त्या धावेचे सोयरसुतक नव्हते. मुकादमाने मात्र पेन्सिल उचलली. पुढचा फलंदाज तीन चेंडूंत बाद. त्याच्या पुढचा हवेत उंच टोला मारून बाद. तिसऱ्याने नऊ चेंडू लढविले, आणि शेवटी नुसत्या वाऱ्याला बॅट मारून तोही गेला. तरुण खाली मान घालून परतला. पायऱ्यांकडे त्याने एकदाही पाहिले नाही. म्हाताऱ्याने टोपी काढून कपाळ पुसले. “कालच्यापेक्षा बरे,” एवढेच तो म्हणाला.

सामना बरोबरीतच संपला. कोणी हळहळले नाही. निरोप घेताना मुकादमाने त्या मुलाचे नाव विचारून घेतले, आणि वहीतील मोकळ्या ओळीवर सुवाच्य अक्षरात लिहिले. त्या जोडप्यास ते आवडले असावे. बाईंनी एका अक्षराची चूक दुरुस्त करून दिली.

डेट्रॉईटला परतला तेव्हा बर्फ पडतच होते. पत्नीने निकाल विचारला. तो म्हणाला, निकाल लागला नाही. ती हसली. मग त्याने वही उघडून ते नाव तिला दाखविले, आणि त्या दोघांची हकिकत सांगितली. तिने पुन्हा प्रयोजन विचारले नाही.

हंगामाच्या आरंभी 26 जणांची यादी प्रसिद्ध झाली; तीत ते नाव नव्हते. तेव्हापासून डेट्रॉईटच्या सामन्याची हकिकत वाचून झाली की तो टोलेडोचा धावफलक काढतो, आणि पिचरांच्या रकान्यावरून बोट फिरवीत ते नाव शोधतो. ते सापडले की आधी हाक तो पत्नीला मारतो.