दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील नाभिक
(वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



सध्या चालू असलेल्या एका मालिकेतील न्हाव्याच्या पात्राविषयी निषेधाचे पत्र धाडावे, असा ठराव आज आपल्यापुढे यावयाचा आहे. त्यापूर्वी या विषयाचा थोडा ऊहापोह व्हावा, म्हणून कार्यकारी मंडळाने मला उभे केले आहे. मालिकेचे नाव मी घेत नाही. ती आज आहे, उद्या दुसरी येईल. पात्र मात्र तेच राहील, आणि माझे भांडण त्या पात्राशी आहे.

हे पात्र आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. खांद्यावर पंचा, काखेत धोकटी, तोंडाची टकळी अखंड चालू, आणि या घरची गोष्ट त्या घरी सांगण्याची दांडगी हौस. त्याला बायको असते, मुले असतात, हे मालिकावाल्यांच्या कानावर अद्याप गेलेले दिसत नाही. शहरातील कथा असली म्हणजे धोकटी जाऊन तेथे केशभूषाकार येतो. तो लचकत चालतो, मुरडत बोलतो, आणि प्रेक्षक हसतात. वेष पालटला तरी माणसाला माणूस म्हणून पाहण्याचे टाळावयाचे, ही रीत कायम.

असे का घडते, याचे उत्तर केवळ द्वेषात शोधू नये. नाटककाराला पात्र उभे करण्यास एखादा प्रवेश तरी मिळतो. रोज बावीस-तेवीस मिनिटांचा भाग पुरविणाऱ्या मालिका-लेखकाला दुय्यम पात्रासाठी अर्धे मिनिटही मिळत नाही. मग तो लोकांच्या मनात आधीच तयार असलेला साचा उचलतो. कंजूष व्यापारी, भोळा खेडूत, विनोदापुरती बोलीभाषा बोलणारी मोलकरीण आणि चहाडखोर न्हावी ही सारी त्याच दुकानातील तयार कपड्यांची मापे होत. आपला साचा तर म्हणींतच मुरलेला आहे. ‘बिनपाण्याने हजामत’ हा शब्दप्रयोग सुशिक्षित माणूसही सहज करतो.

आणि या साच्याचा उगम पाहावा, तर तो आपल्या विश्वासूपणात आहे! बारा बलुत्यांपैकी नाभिकाचा वावर गावातील बहुतेक घरांत असे. लग्नाचे निरोप त्याने न्यावयाचे, मंगल-अमंगल दोन्ही प्रसंगी त्यानेच हजर राहावयाचे. ज्याच्या पोटात गावाची गुपिते राहिली, त्यालाच गावाने बातमीदार ठरविले.

साच्यावाचून लिहिता येत नाही, असे मात्र नाही. १९८६ साली दूरदर्शनवर ‘नुक्कड’ ही मालिका आली. तीत रस्त्याच्या कोपऱ्यावर जमणारी लहान माणसे होती: विजेची कामे करणारा गुरू, सायकली दुरुस्त करणारा हरी, मद्यपी खोपडी, आणि आपला व्यवसायबंधू करीम हज्जाम. त्याच्यावर विनोद झाले नाहीत असे नाही; पण चारचौघांवर होतात तसेच झाले. करीमला हेवा होता, माया होती, उधारीची विवंचना होती.

लेखक मंडळी एक बचाव नेहमी करतात, की आम्ही साचा वापरतो तो त्याचीच थट्टा करण्यासाठी. बचाव अगदीच खोटा नाही. पण त्याची परीक्षा एकदा होऊन गेली आहे. अमेरिकेत १९७१ साली नॉर्मन लिअर यांनी ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका सुरू केली. तिचा नायक आर्ची बंकर हा न्यूयॉर्कमधील एक कामगार. निग्रो, ज्यू, परदेशातून आलेले लोक, सर्वांविषयी तो घरात बसून तुच्छतेने बोलतो आणि जावयाशी वाद घालतो. लोकांनी आर्चीला हसावे, हा लेखकाचा हेतू. १९७४ साली विडमार व रोकीच या दोन अभ्यासकांनी प्रेक्षकांची मते तपासून प्रसिद्ध केली. तेव्हा असे दिसले, की ज्यांच्या मनात पूर्वग्रह अधिक, त्यांना आर्ची आपलाच वाटे, आणि वादात जिंकतो तोही त्यांच्या मते आर्चीच. ज्याने त्याने आपल्या मनातलेच पडद्यावर पाहिले. तात्पर्य, लेखकाचा हेतू शुद्ध असला तरी शाळेत आपल्या मुलाला ‘हजाम’ म्हणून चिडविणाऱ्या पोरापर्यंत तो हेतू पोहोचेलच, असे नाही. अशा मुलाने आडनाव सांगताना मान खाली घातली, तर ती हानी कोणी भरून द्यावयाची?

मग निषेध करावा काय? येथे दोन उदाहरणे आठवतात. २००९ साली ‘बिल्लू बार्बर’ या चित्रपटाच्या नावावर व्यवसायबंधूंनी आक्षेप घेतला आणि नावातील ‘बार्बर’ हा शब्द गाळण्यात आला. जय झाला खरा. पण इरफान खान यांनी रंगविलेला तो नाभिक दरिद्री असूनही स्वाभिमानी आहे. बालमित्र मोठा नट झाला तरी त्याच्या दारी हात पसरावयास जात नाही. ज्या कलाकृतीने आपला मान राखला, तिच्याच पाटीवरून आपण आपला धंदा पुसून घेतला! मला हा सौदा तोट्याचा वाटतो.

दुसरे उदाहरण १९८८ चे. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका उत्तरकांडापूर्वीच संपणार, हे कळताच पंजाबात व उत्तरेतील इतर शहरांत वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. ज्या भागात महर्षी वाल्मीकी स्वतः कथेत वावरतात, तो भाग दाखवा, ही त्यांची मागणी. पुढे उत्तररामायण पडद्यावर आले. या बांधवांनी काही गाळा म्हटले नाही, आणखी दाखवा म्हटले.

आपणही हेच मागावे. जिवा महाला आणि शिवा काशीद ही नावे आपण अभिमानाने घेतो, ती घ्यावीतच. पण मालिकांत तेही एका साच्यातच बसविले जातात: जिवावर उदार झालेला स्वामिनिष्ठ सेवक. चहाडखोर असो वा स्वामिनिष्ठ, नाभिक नेहमी दुसऱ्याच्या कथेतला माणूस! उलट, १८९० च्या सुमारास ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी सभा भरविली आणि विधवांचे केशवपन करावयाचे नाही, असा निश्चय केला. मिळकतीवर पाणी सोडून, कोणा धन्याच्या आज्ञेवाचून, स्वतःच्या विवेकाने घेतलेला हा निर्णय. त्या रात्री या माणसांच्या घरी काय बोलणे झाले असेल, त्यांच्या बायका काय म्हणाल्या असतील! मालिकेला याहून नाट्य ते कोणते हवे?

म्हणून ठरावात माझी एक दुरुस्ती आहे. पत्र अवश्य जावे. त्यात निषेधाचा एक परिच्छेद असावा आणि उरलेल्या पत्रात या सभेची हकीकत असावी. ज्या घरांत वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी, जुन्या सभांची पत्रके वा छायाचित्रे असतील, त्यांनी ती पुढील महिनाअखेर चिटणीसांकडे द्यावीत. माझे भाषण येथेच संपवितो आणि ठराव अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करतो.