उसनी त्वचा



माझ्या लहानपणी परभणीच्या आमच्या मोहल्ल्यात शेजारच्या खाला स्टोव्हच्या भडक्यानं भाजल्या होत्या. पट्टी बदलायचा दिवस आला की त्यांचं ओरडणं तिसऱ्या घरापर्यंत ऐकू यायचं. पट्टी जखमेला चिकटायची आणि ओढली की नव्यानं धरलेली कोवळी कातडीही सोबत निघून यायची.

त्वचा ही देहाची भिंत. ती गेली की आतलं पाणी पाझरतं आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. म्हणून जखम झाकायची, पण कशानं? मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या निर्जंतुक साली वापरल्या. १९८५ साली ते काम प्रसिद्ध झालं. सालीमुळे जखम ओलसर राहते, पट्टी चिकटत नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान वापरलं. आपण जेवतो तेच पान! घरी मात्र हे प्रयोग करू नका. भाजल्यावर साधं थंड पाणी ओता आणि दवाखाना गाठा.

अमेरिकेत बर्क आणि यानास यांनी गाईच्या कातडीतलं कोलॅजेन आणि शार्क माशाची कूर्चा यांतून कृत्रिम त्वचा घडवली. १९८१ साली तिची माहिती जगापुढे आली. पण ती महाग. गरिबाला परवडेल ती माणसाचीच त्वचा. २००० साली शीवच्या त्याच रुग्णालयात त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या आणि पाठीवरचा पातळ पापुद्रा काढतात, ग्लिसरीनमध्ये जपतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. ही त्वचा कायमची जडत नाही, काही आठवड्यांत गळून पडते. पण तेवढ्या उसन्या दिवसांत रोग्याचा देह सावरतो.

परभणीहून मुंबईची गाडी रात्रभराची. सहा तासांचा हिशेब तिथं जुळत नाही. म्हणून ही सोय गावागावांच्या जवळ यायला हवी, आणि त्याआधी ती आपल्या घरात बोलली जायला हवी.

मी माझ्या घरी बोललो. अम्मी म्हणाली, ‘अल्लाहनं जसं पाठवलं तसंच जावं, बेटा.’ मी खालांची आठवण काढली. ती बराच वेळ तसबीह ओढत गप्प बसली.

मग म्हणाली, ‘दफनाला उशीर होतो का रे?’

‘तासाभराचंही काम नाही, अम्मी.’

‘मग माझं नाव लिही.’