कवचांतून इंजिन

पस्तीस वर्षें मुलांना भूमिति शिकविलेल्या माणसानें निवृत्तीनंतर खेळण्यांतली आगगाडी करीत बसावें, हें आमच्या घरांत कोणालाच रुचलें नाहीं. तथापि गेले चार महिने मीं तेंच केलें.

नेरळ-माथेरान ही दोन फूट रुंदीची लोहवाट १९०७ सालीं सुरू झाली. तिच्यासाठीं एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या आराखड्यावरून जर्मनींतील ओरेनस्टाइन अँड कोपेल या कारखान्यानें चार इंजिनें बांधलीं. घाटांतलीं वळणें फार तीव्र, म्हणून पुढचीं व मागचीं चाकें बाजूला सरकूं शकतील असे पोकळ आंस त्यांना बसविले होते. त्यांपैकीं एकाच्या मागें बसून मी व दादा १९६९ सालीं माथेरानला गेलों होतों. पुढें डिझेल इंजिनांपुढें तीं मागें पडलीं.

अशाच धाटणीच्या इंजिनाचें पांढऱ्या धातूचें ओतीव कवच मीं मिळविलें. बॉयलर, टाक्या, धुराडें, सारें बाहेरून; आंत पोकळी. तें ९ मिलिमीटर रुळावर चालणाऱ्या, विजेच्या तयार सांगाड्यावर बसवावयाचें. प्रमाण एका फुटास ४ मिलिमीटर. म्हणजे रुळांचें अंतर सव्वादोन फूट झालें! तीन इंचांची ही लबाडी भूमितीच्या मास्तरास सलते. पण माथेरानच्या इंजिनाची चौकट चाकांच्या बाहेरून असते, त्यामुळें चाकें झांकलीं जातात आणि लबाडीही.

कवचाच्या कडा कानशीनें घासून तें साबणाच्या पाण्यानें धुवावें. बोटांचें तेल राहिल्यास रंग धरत नाहीं. हातकठड्यासाठीं बारीक भोकें पाडून पितळी तार ओंवली. ती झाळून पक्की करावी असें मनांत आलें आणि तेथेंच उतावीळपणा नडला. हा धातु साध्या झाळकामाच्या उष्णतेलाच पाघळतो, हें मला ठाऊक नव्हतें. छपराचा एक कोपरा लोण्यासारखा गेला. पत्र्याचा तुकडा कापून तो सांधला. त्यानंतर झाळण्याचें अवजार कपाटांत, आणि सारें काम चिकट्यानें.

आधीं करडा हात, मग काळा. दोन्ही पातळ, मध्यें एक दिवस. जाड रंगानें रिव्हेटांचीं डोकीं बुजतात. काळा चकचकीत ठेवूं नये, राबलेलें इंजिन तसें दिसत नाहीं. धुराड्याभोंवतीं कोळशाची पूड चोळली. जेथें वाफ गळून पाण्यांतल्या चुन्याचे ओघळ उमटतात, तेथें खडूची भुकटी. माझ्या धंद्यांतलें एवढेंच काय तें कामास आलें.

राहिला क्रमांक. चारी इंजिनांचे क्रमांक ७३८ ते ७४१. आमचें ७४० होतें असें मला पक्कें स्मरत होतें, पण खात्री करावयाची तर दादांखेरीज कोण? घराच्या वांटणीपासून सहा वर्षें आमचा पत्रव्यवहार नव्हता. दोन दिवस कोरें कार्ड पुढ्यांत घेऊन बसलों. अखेर घर वगळून फक्त इंजिनाविषयीं लिहिलें.

आठव्या दिवशीं उत्तर आलें: "७३९. तूं झोंपला होतास."

मीं ७३९ च रंगविला. इंजिन आतां पुठ्ठ्याच्या पेटींत कापसावर ठेवलें आहे. दिवाळींत तें दादांकडे घेऊन जावयाचें आहे.